चोवीस मिनिटांची बाजू

"यातलं बरोबर उत्तर कुठलं असतं?"

डोळे तपासायला आलेल्या माणसाने असं विचारलं आणि तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

तसे त्याचे डोळे ती गेली दहा मिनिटं पाहत होती. तेच तर तिचं काम. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला एक लहानशी अंधारी खोली, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता आणि खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर ती जाडजूड तपासणीची फ्रेम. एक काच घालायची, एक काढायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" दिवसातून दोनशे वेळा तरी. पण डोळे पाहणं निराळं आणि माणूस पाहणं निराळं.

"इथे बरोबर-चूक काही नसतं," ती म्हणाली. "तुम्हाला कशातून बरं दिसतं, तेवढंच सांगायचं."

"असं कसं? एक काहीतरी बरोबर असणारच ना." त्या फ्रेममागे त्याचे डोळे चांगले दुप्पट मोठे दिसत होते आणि त्यांत गणिताच्या पेपरला बसल्याची काळजी होती. "मी चुकीचं सांगेन आणि तुम्ही चुकीचा चष्मा द्याल."

"हे स्पष्ट..." तिने काच बदलली, "की हे?"

"पुन्हा पहिलं दाखवता?"

"हे?"

"हं... आता दुसरं?"

सहाव्यांदा पहिली काच घालताना तिला हसू आवरेना. खोली अंधारी होती म्हणून निभावलं.

"तुमचं लांबचं उत्तम आहे," शेवटी तिने निकाल दिला. "जवळचं दिसत नाही."

"पण मला जवळचंच लागतं हो! ठिपके दिसायला हवेत मला."

"कसले ठिपके?"

मग त्याने सांगितलं. मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर, तो जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो आणि जुन्या रेकॉर्ड्स विकतो. दुरुस्ती झाली की फिरत्या तबकडीवर ठिपक्यांची एक चकती ठेवायची आणि वर एक खास दिवा धरायचा. वेग अचूक असला की ठिपके जागच्या जागी उभे राहतात. केसभर जरी फरक असला तरी सरकायला लागतात. "हल्ली मला ठिपक्यांच्या जागी नुसता राखाडी धुरळा दिसतो. आणि वेग चुकून कसं चालेल? ज्याने ते वाजवलं त्याचा अपमान आहे तो."

हे वाक्य तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिच्या हातातली काच हातातच राहिली.

"रेकॉर्ड्स... म्हणजे जॅझ वगैरे असतं तुमच्याकडे?"

"वगैरे थोडं असतं. बाकी सगळं जॅझच."

"त्यात मऊ काही असतं का? मंद... म्हणजे... ऐकून माणूस नुसता बसून राहील असं?"

"कोणाला बसवायचंय?"

"बसवायचं नाही," ती म्हणाली आणि का कोण जाणे, एका अनोळखी गिऱ्हाइकाला तिने खरं ते सांगून टाकलं. "बसलेत ते. उठवायचंय."

ती बोलत होती तिच्या बाबांबद्दल.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची वेळ नीट केली आणि आता त्यांच्याच नजरेच्या मधोमध धुकं आलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दार दिसायचं, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही. मुलगी डोळे तपासणारी, आणि घरच्याच माणसाला लावायला तिच्या खोक्यात एकही काच नव्हती. याचं दुःख ती कोणाजवळ बोलत नसे. पण तिला खरी भीती वाटत होती ती वेगळीच. बाबा आयुष्यभर किरकिरे. आमटी अळणी, पंखा कुरकुरतो, शेजारी दार आपटतो! अन् गेल्या काही महिन्यांपासून मात्र ते कशालाही "बरं" म्हणायला लागले होते. जेवायला चला... बरं. आज नको जेवायला? बरं. ज्या माणसाने जन्मात कशाला बरं म्हटलं नाही, तो सगळ्यालाच बरं म्हणू लागला की घरच्यांनी घाबरावं.

एकदाच, सहज बोलता बोलता, ते म्हणाले होते, "आपली ती रेकॉर्ड असती तर ऐकली असती." ती रेकॉर्ड म्हणजे एका गिऱ्हाइकाने भेट दिलेला जॅझचा अल्बम. आई होती तोवर रोज संध्याकाळी सातला घरात त्याची एक बाजू वाजायची. घर बदलताना ती पेटी कुठे गहाळ झाली, कोणालाच कळलं नाही. अल्बमचं नावही कोणाला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं फक्त कव्हर... एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर ठेवलेली टोपी. आणि तो आवाज. जाड, कोमट, कुठेही जायची घाई नसलेला सॅक्सोफोन.

"खुर्ची आणि टोपी," त्याने मनाशी घोकलं. "शोधतो. तोवर दुसरं मऊ काहीतरी देत राहीन. प्लेअर आहे ना घरी?"

"आई गेल्यापासून कपाटात आहे. चादरीत गुंडाळलेला. चालत नाही."

"आणा," तो म्हणाला. इतका वेळ शिकाऊ उमेदवारासारखा बसलेला माणूस एकदम वैद्यासारखा दिसायला लागला.

तो गेल्यावर काऊंटरवरच्या मावशींनी पावतीपुस्तकातून मान न काढता विचारलं, "साध्या जवळच्या नंबराला आज पाऊण तास?"

"किचकट केस होती."

"हो ना. मलाही किचकटच वाटली." मावशींनी आपल्या शेंदरी नखांवर फुंकर घातली. मावशींची नखं बाराही महिने रंगलेली असत, आणि दुकानातली कुठलीच गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

*

गुरुवारी दुकान अर्धा दिवस. दुपारी प्लेअर छातीशी धरून ती माडीचा जिना चढली. खालून शिवणयंत्रांची घरघर आणि वर भिंतभर उभ्या लावलेल्या रेकॉर्ड्स. नाकावर नवा चष्मा घालून तो स्टुलावर बसला होता. चष्मा त्याला शोभत होता. तिनेच निवडलेली फ्रेम, शोभणारच.

"मऊ जॅझ शोधायचं म्हणजे कानांनी नाही," तो म्हणाला, "आधी डोळ्यांनी. या इकडे. कव्हर उलटं करा. मागे वाजवणाऱ्यांची नावं असतात. किती आहेत?"

"अकरा."

"ठेवून द्या. अकरा माणसं एका खोलीत आली की आवाज चढणारच. तीन-चार नावं असलेलं काढा. हं. आता गाण्यांची लांबी बघा. सात मिनिटं, आठ मिनिटं... म्हणजे यांना घाई नाही. आणि ड्रमवाला काठ्यांऐवजी ब्रशने वाजवत असेल, तर डोळे मिटून घ्यायचं."

"डोळे मिटून कसं घेणार? आत्ता तर म्हणालात डोळ्यांनी शोधायचं."

तो गोंधळला. मग हसला, तेही जरा उशिराच. त्याचं सगळंच असं अर्ध्या तालाने उशिरा यायचं आणि तिला ते आवडत होतं.

पुढच्या गुरुवारी प्लेअर दुरुस्त होऊन मिळाला. नवा पट्टा, नवी सुई, साफ केलेली मोटर. "वेग फार मंदावला होता," तो अभिमानाने म्हणाला. "लावून दिलाय. तुमच्या चष्म्यातून पाहून! ठिपके असे उभे आहेत, जसे काही खिळे ठोकलेत."

आणि मग गुरुवारामागून गुरुवार आले. ती एक अल्बम घेऊन जायची, बाबा ऐकायचे आणि पुढच्या खेपेला ती निकाल घेऊन यायची.

"काय म्हणाले?"

"तुतारीवाल्याबद्दल म्हणाले, हा माणूस कोणाशी तरी भांडून आलाय."

"बरं... आणि तो पियानो?"

"याला कुठली गाडी पकडायचीय?"

"गिटार तरी आवडली असेल!"

"म्हणाले, छान आहे, पण बँकेत नंबर यायची वाट बघत बसल्यासारखं वाटतं."

"आणि त्या गाणाऱ्या बाई?"

"त्या फार दुःखी आहेत म्हणे. त्यांना कोणीतरी घरी नेऊन सोडा."

तो खो खो हसला. तीही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने एक कव्हर उगीचच उलटं केलं.

"काय झालं? मी... काही चुकलं का?"

"नाही हो. किरकिर करताहेत ते! पाच महिन्यांनी. काल म्हणाले, आमटी अळणी आहे." तिने नाक पुसलं. "तुम्हाला नाही कळायचं किती बरं वाटलं मला."

त्याला कळलं. त्याने प्लेअरवर एक रेकॉर्ड लावली. बाहेर मघापासून पाऊस भुरभुरत होता, खाली यंत्रं थांबली होती, आणि ब्रशने वाजणारा ड्रम आणि पाऊस यांतलं कुठलं काय ते ओळखू येईना. दोघं स्टुलांवर बसून राहिली. त्याच्या कोपराचं आणि तिच्या कोपराचं अंतर एका कव्हराएवढं होतं. ते कव्हर मध्ये कोणी धरलेलं नव्हतं, तरी ते अंतर तेवढंच राहिलं, आणि घरी जाताना तिला त्याचाच राग आला.

*

सातव्या गुरुवारी ती जिना चढत होती तेव्हा तो वरच्या पायरीवर उभा होता. हात पाठीमागे.

"डोळे मिटा."

"अहो, पण..."

"मिटा तर."

तिने मिटले. उघडले तेव्हा समोर रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर टोपी.

त्या संध्याकाळी तिने बरोबर सातला सुई ठेवली. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते, धुतलेला शर्ट घालून. कव्हर त्यांनी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं होतं. सॅक्सोफोन सुरू झाला... आणि अर्ध्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"ही ती नाही."

"बाबा, तीच आहे. खुर्ची आहे, टोपी आहे..."

"कव्हर ते असेल. आत दुसरीच आहे. ती बसायला वेळ द्यायची माणसाला. ही बघ, चालली आपली ढांगा टाकत." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या दिशेने मान वळवली. ते दिसत नव्हतं, पण टिकटिक ऐकू येत होती. "सातला सुरू झालेली बाजू सात चोवीसला संपायची. रोज. ही बघ किती वाजता संपते."

सात बावीसला संपली.

"तुला वाईट वाटून घेऊ नको," बाबा म्हणाले. "राहू दे आता. पुरे झालं ते शोधणं."

"जेवायला वाढू?"

"बरं."

 नुसती रेकॉर्ड नसती मिळाली तर एक वेळ चाललं असतं. ती मिळून नाही मिळाली, आणि म्हाताऱ्याची उरलीसुरली आशाही घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तडक माडीवर गेली. हातातली रेकॉर्डची पिशवी आणि किल्ल्यांचा जुडगा काऊंटरवर आपटून म्हणाली, "चुकीची आहे ही."

"शक्यच नाही. खुर्ची, टोपी, पहिली आवृत्ती..."

"बाबांची बाजू चोवीस मिनिटांची होती. ही बावीसची आहे."

"मागे छापलंय ना, बावीस!"

"माझ्या बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं लावली आहेत. छापणारा चुकेल, बाबा दोन मिनिटांनी चुकणार नाहीत."

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याची नजर तिच्या किल्ल्यांवर खिळली होती. घराच्या किल्लीवर एक लाल ठिपका होता.

"हा... कशाचा आहे?"

"नेलपॉलिशचा. विषय बदलू नका."

"नाही, सांगा. कोणी लावला?"

"आईची सवय. कुठली किल्ली, कुठलं झाकण, कुठलं बटन... जे हलवायचं नाही, विसरायचं नाही, त्यावर लाल ठिपका. का?"

तो स्टुलावर हळूच बसला. चष्मा काढून हातात घेतला.

"तुमच्या प्लेअरच्या पोटात वेगाचा एक लहानसा स्क्रू आहे," तो म्हणाला. "तो मंदाच्या बाजूला फिरवलेला होता. आणि हलू नये म्हणून त्याच्यावर... लाल ठिपका होता. मला वाटलं, कोणा अडाणी मेकॅनिकचं काम. मी ब्लेडने खरवडला आणि वेग बरोबर केला."

खालची शिवणयंत्रं चालूच होती. तिला सगळं एकदम कळलं आणि कळलं त्याच क्षणी रडू आलं.

"किल्लीवरचा ठिपका जुना झाला म्हणून मी दोनदा नव्याने लावलाय," ती म्हणाली. "घरातले सगळेच माझ्या हातचे आहेत आता. तो तेवढा तिच्या हातचा होता. आणि तुम्ही..."

"मला माहीत नव्हतं."

"एकदा विचारायचं तरी! वेगळं काही दिसलं की आधी विचारतात. मी तुम्हाला प्रत्येक काचेला विचारलं होतं. तुम्हाला मात्र बरोबर उत्तर आधीच ठाऊक असतं."

किल्ल्या उचलून, पिशवी तिथेच ठेवून ती जिना उतरली. तो मागे आला नाही. आला असता तर ती आणखी चिडली असती. नाही आला म्हणूनही चिडली.

*

पुढचे दोन दिवस मावशींनी तिला काही विचारलं नाही, यावरून त्यांना सगळं कळलं होतं हे उघड होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या दारात तो उभा राहिला. एका हातात तिची ती पिशवी, दुसऱ्या हातात हत्यारांचा डबा. दाढी वाढलेली.

"चष्म्याचं काही आहे का?" तिने कोरडेपणाने विचारलं.

"नाही. चष्मा बरोबर आहे. मी चुकलो." घोकून आल्यासारखं त्याने एका दमात म्हटलं. "तो ठिपका मी परत आणू शकत नाही. पण तो वेग शोधून देऊ शकेन. मी पंधरा वर्षं दुरुस्त्या करतोय, असं कोणाला आजवर विचारलं नाही... तुमचं मशीन बिघडवायला येऊ का?"

तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"जा गं," मावशी मागून म्हणाल्या. "आत कोणी नाही आत्ता. आणि हे घेऊन जा." त्यांनी पर्समधून शेंदरी नेलपॉलिशची बाटली काढून पुढे केली. "लाल नाही माझ्याकडे. पण स्क्रूला काय कळतंय?"

घरी बाबा खिडकीशी बसले होते. त्याने त्यांच्यासमोर जमिनीवरच मांडी घातली.

"बाबा," तो म्हणाला, "तुमची रेकॉर्ड तीच होती. मशीन कोणीतरी मंद करून ठेवलं होतं. मुद्दाम. बावीसची बाजू चोवीस मिनिटं चालावी म्हणून."

"कोणी?"

"स्क्रूवर लाल ठिपका होता," ती म्हणाली.

 बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर उगीच फिरायला लागला.

"मला म्हणायची, बस ना जरा," ते म्हणाले. "मी दुकानातून घड्याळं घरी घेऊन यायचो. जेवणाआधी दोन, जेवणानंतर दोन. मी म्हणायचो, बसतो, पण एकच बाजू. सुई उचलली की मी उठलो, असा नियम. ती म्हणायची, बरं. एकच बाजू." त्यांनी प्लेअरच्या दिशेने मान वळवली. "एकदा माझा सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर हरवला होता. दुकानात सगळ्यांवर ओरडलो मी. संध्याकाळी घरात सापडला. म्हणाली, तुझ्याच खिशातून पडला असेल..."

ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "घड्याळजीच्या घरात रोज दोन मिनिटांची चोरी, आणि घड्याळजीला पत्ता नाही! एवढीच दोन मिनिटं हवी होती गं तिला. मागितली असती तर मी दिली नसती, म्हणून चोरली."

तिने त्यांचा हात धरला. तो मान खाली घालून प्लेअर उघडत होता, पण त्यालाही नीट दिसत नव्हतं, आणि त्यात चष्म्याचा दोष नव्हता.

मग काम सुरू झालं. सुई ठेवली. बाबा डोळे मिटून बसले. त्याने स्क्रू किंचित फिरवला.

"हे बरं, बाबा," तिने विचारलं, "की हे?"

"अजून घाई आहे त्याला."

"हे?"

"जरा थांबला... पण श्वास लागलाय अजून."

"हे... की हे?"

"मागचं दाखव पुन्हा."

त्याने झटकन वर पाहिलं. तिनेही. दोघांना ती अंधारी खोली आठवली आणि दोघांनीही घाईघाईने स्क्रूकडे पाहिलं. सवयीने त्याने ठिपक्यांची चकती बाहेर काढली होती. ती त्याने पुन्हा डब्यात टाकून झाकण लावलं. सॅक्सोफोन पायरी पायरीने खाली उतरत होता, जाड होत होता, कोमट होत होता...

"थांब!" बाबा म्हणाले.

कोणीच हललं नाही.

"हीच," बाबा म्हणाले. "हीच ती. आता तिच्या बांगड्या वाजल्या की झालं."

तिने बाटली उघडली आणि स्क्रूवर शेंदरी ठिपका ठेवला. स्क्रू खोल आत होता म्हणून त्याने तिचं मनगट खालून धरलं. ठिपका ठेवून झाला तरी धरलेलं होतं.

संध्याकाळी सातला बाजू पहिल्यापासून लावली. बाबा डोळे मिटून मागे टेकले होते. ती आणि तो पलंगाच्या कडेला बसली होती, आणि या वेळी मध्ये कव्हराएवढंही अंतर नव्हतं. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"बावीस झाली," तो कुजबुजला. "छापल्याप्रमाणे संपायला हवी होती."

"नाही संपली."

"दोन मिनिटं आहेत अजून... एक सांगू? या मशीनवर आता दुसरी कुठलीच रेकॉर्ड बरोबर वाजणार नाही."

"मग?"

"मग घरात दुसरं मशीन लागेल. माझ्याकडे एक आहे. आणून ठेवलं तर..."

"मशीन ठेवाल आणि जाल?"

"म्हणजे... त्या मशीनला माझी सवय आहे."

"फिरवून फिरवून बोलू नका," ती म्हणाली. "दीड मिनिट राहिलंय."

त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तुम्ही मला फार आवडता. गुरुवार सोडून बाकीचे सहा दिवस मी नुसता ठिपके बघत बसतो, आणि एकही ठिपका जागेवर राहत नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "बरोबर बोललो ना?"

"इथे बरोबर-चूक काही नसतं." तिने आपला हात त्याच्या हातात सरकवला. "पण पुन्हा एकदा म्हणा. पहिलंच."

"तुम्ही मला फार आवडता."

"मलाही," ती म्हणाली. "पहिली काच सहाव्यांदा मागितलीत ना, तेव्हापासून."

सुई शेवटच्या रेघेत जाऊन खरखरायला लागली. भिंतीवरचं घड्याळ सात चोवीस दाखवत होतं. ती उठली आणि प्लेअरपाशी गेली. बाबांना झोप लागली असेल म्हणून अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "उचलू ना, बाबा?"

"नको," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "पालट. दुसरी बाजू मी कधी ऐकलीच नाही."

तिने रेकॉर्ड पालटली.